घरातील जिना आणि वृद्धांची ये-जा
जिन्यावरील उद्वाहकाची निवड व उभारणी

पुणे शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात वसलेल्या चांदे गावाचे नाव शेजारच्या नांदे गावाबरोबर जोडीनेच घेतले जाते. भरपूर पाऊस, भाताची खाचरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील १९२१ चा सत्याग्रह यांसाठी मुळशी तालुका महाराष्ट्राला परिचित आहे. हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यापासून तालुक्याच्या या पूर्व पट्ट्याचे रूप मात्र झपाट्याने पालटले. सूस व म्हाळुंगे ही जवळची गावे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. रस्ते रुंदावले, जमिनींना मोल आले आणि घरांची रचनाही बदलली.

पूर्वीचे घर उतरत्या छपराचे असे. त्यात माळा असला तरी तो धान्य, पेंढा आणि अवजारे ठेवण्यासाठी. माणसांचा वावर ओसरी, माजघर आणि परसदार यांतच होई. घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीचे अंथरूण ओसरीलगत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी तिचे बोलणे चाले. आता स्लॅबच्या दुमजली व तिमजली घरांत तळमजला दुकानास किंवा भाडेकरूस देऊन कुटुंबाने वरच्या मजल्यावर राहावे, असा प्रघात शहरालगतच्या गावांत सर्वत्र दिसतो. भाड्याचे उत्पन्न कुटुंबाला हवे असते, त्यात गैर काही नाही. परंतु ज्यांनी हयातभर गुडघाभर चिखलात भाताची लावणी केली, त्यांचे गुडघे सोळा-सतरा पायऱ्या चढण्या-उतरण्यास आता साथ देत नाहीत. प्रथम त्यांचे शेतावर जाणे थांबते, मग देवळात जाणे थांबते, मग सप्ताह आणि ग्रामसभा. अखेर दवाखान्यात न्यावयाचे झाले म्हणजेच ती व्यक्ती जिना उतरते आणि तीही चौघांनी खुर्चीत बसवून उचलल्यावर.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे १० टक्के होते आणि ते वाढत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे अपघाती मृत्यूंच्या कारणांत पडण्याचा क्रमांक जगात दुसरा लागतो आणि अशा मृत्यूंचे प्रमाण साठीपुढील व्यक्तींत सर्वाधिक आहे. या पार्श्वभूमीवर, बाजारात ‘स्टेअर लिफ्ट’ या नावाने मिळणाऱ्या जिन्यावरील उद्वाहकाविषयी अलीकडे पुष्कळ विचारणा होत असते. हे यंत्र काय आहे, ते कोणत्या घरास योग्य, कोणत्या घरास अयोग्य, ते निवडताना व बसविताना काय पाहावे आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याबाबत कुटुंबांना कोणते मार्गदर्शन करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्राची रचना

चढावर माणसाने माणसाला वाहून नेण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. अजिंठा व घारापुरी येथे थकलेल्या प्रवाशांना डोलीतून वर नेले जाते. वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ पासून उतारावरील रुळांवरून चालणारी फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि पाचशेहून अधिक पायऱ्या चढणे ज्यांना अशक्य होते त्यांना देवीचे दर्शन सुलभ झाले. उतारालाच समांतर रूळ टाकून त्यावरून माणसाला वर न्यावे, हीच कल्पना घरातील जिन्यापुरती लहान केली की जिन्यावरील उद्वाहक तयार होतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सी. सी. क्रिस्पेन यांनी १९२० च्या दशकात ‘इन्क्लिनेटर’ या नावाने असे घरगुती यंत्र प्रचारात आणले.

आजच्या यंत्राचे मुख्य भाग चार. पहिला भाग रूळ. हा रूळ भिंतीला टांगलेला असतो अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः तो आखूड पायांवर उभा असून ते पाय पायऱ्यांना बोल्टने आवळलेले असतात. दुसरा भाग म्हणजे रुळावर चालणारा गाडा. यात विजेची मोटर असते. बहुतेक यंत्रांत मोटरचे दातेरी चाक रुळावरील दातेरी पट्टीत अडकून फिरते व गाडा वर-खाली सरकतो. तिसरा भाग खुर्ची. तिला हात, कमरेचा पट्टा आणि पाय ठेवण्याची पाटी असते. तिन्ही भाग दुमडून भिंतीशी लावता येतात, म्हणजे इतरांना जिना मोकळा राहतो. चौथा भाग बॅटरीचा. साधारणतः २४ व्होल्टच्या बॅटरीवर मोटर चालते आणि खुर्ची जिन्याच्या टोकाशी उभी असताना बॅटरी घरच्या विजेवर भारित होत राहते. म्हणून वीज गेली तरी काही फेऱ्या निर्वेध होतात. पावसाळ्यात वादळवाऱ्याने वीज जाण्याचे प्रसंग ज्या भागात वारंवार येतात, तेथे ही सोय फार मोलाची आहे.

सुरक्षिततेची व्यवस्था यंत्रातच केलेली असते. बटण दाबून धरले तरच खुर्ची चालते, हात निघताच थांबते. पाटीला किंवा गाड्याला वाटेत काही अडथळा लागला तर ती आपोआप थांबते. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास यांत्रिक ब्रेक लागतो. वरच्या टोकाशी खुर्ची जिन्याकडून वळवून मजल्याच्या बाजूला तोंड करता येते, त्यामुळे उतरणाऱ्याची पाठ जिन्याच्या पोकळीकडे व पाय सपाट जमिनीवर येतात. अशा यंत्रांसाठी आयएसओ ९३८६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दुसरा भाग लागू होतो. त्यानुसार वेग सेकंदाला १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. हा वेग संथ वाटतो, पण वृद्ध व्यक्तीस भोवळ येऊ नये म्हणून तो तसाच असणे इष्ट आहे.

प्रथम विचार गरजेचा

यंत्राची चौकशी करण्यापूर्वी कुटुंबाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा, की जिना चढणे खरोखर आवश्यक आहे काय? वृद्ध व्यक्तीची झोपण्याची खोली, स्नानगृह आणि शौचालय तळमजल्यावर आणता येत असेल, तर जिन्याचा प्रश्नच उरत नाही. येथे भाड्याचा हिशोब आडवा येतो. तळमजल्यावरील एक खोली भाडेकरूकडून परत घेतली तर वर्षाला किती उत्पन्न बुडेल आणि यंत्राची किंमत, देखभाल व बॅटऱ्या यांचा वार्षिक भार किती पडेल, हे दोन आकडे कागदावर शेजारी मांडून पाहावेत. पुष्कळ घरांत खोली परत घेणेच स्वस्त ठरते. परंतु हिशोब केवळ पैशांचा नाही. सर्व कुटुंब वर आणि म्हातारी व्यक्ती खाली एकटी, अशी विभागणी झाली तर जिना टळतो, मात्र माणसे दुरावतात. रात्री हाक मारली तर ती कोणाला ऐकू जाणार, याचेही उत्तर हवे.

दुसरा प्रश्न हा, की अडचण नेमकी कोणत्या पायऱ्यांची आहे? जिन्यावरील उद्वाहक घरातील जिन्यापुरताच उपयोगी असतो. अतिवृष्टीच्या भागात घराचे जोते उंच ठेवतात, त्यामुळे दारापुढे तीन-चार पायऱ्या येतात. मोठ्या खर्चाने आतला जिना सुकर केला आणि दारापुढील पायऱ्या तशाच राहिल्या, तर ती व्यक्ती वरच्या मजल्यावरून खालच्या खोलीपर्यंतच येईल, अंगणात येणार नाही. दारापुढे उतार बांधणे हा येथील उपाय होय. उताराचे प्रमाण १:१२ असावे, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंचीच्या जोत्याला ५.४ मीटर लांबीचा उतार लागेल. हेच प्रमाण घरातील ३ मीटर उंचीच्या मजल्याला लावले तर मधले सपाट टप्पे सोडूनही ३६ मीटरचा उतार लागतो. जिन्यासाठी उताराऐवजी यंत्राचा विचार का करावा लागतो, हे यावरून स्पष्ट होईल.

तिसरा प्रश्न त्या व्यक्तीच्या प्रकृतीचा आहे. या खुर्चीवर बसण्यासाठी ताठ बसता येणे, आधाराने का होईना उठता-बसता येणे आणि बटण दाबून धरण्याइतके भान व बळ असणे आवश्यक असते. फेफरे येणारी व्यक्ती, स्मृतिभ्रंश वाढलेली व्यक्ती किंवा पक्षाघाताने तोल गमावलेली व्यक्ती यांच्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज निर्णय घेऊ नये. गुडघा वाकतच नसेल तर पाय पुढे पसरून बसावे लागते आणि अरुंद जिन्यात तो समोरच्या भिंतीला घासतो. चाकांची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला एका खुर्चीतून दुसरीत जावे लागते आणि प्रत्येक मजल्यावर एकेक चाकांची खुर्ची ठेवावी लागते. असे स्थलांतर जमत नसेल तर चाकांच्या खुर्चीसह उचलणारा उभा उद्वाहक किंवा घरगुती लिफ्ट हाच योग्य पर्याय ठरतो.

या तिन्ही प्रश्नांची चर्चा ज्याच्यासाठी यंत्र घ्यावयाचे त्याच्या उपस्थितीत व्हावयास हवी. मुलांनी प्रेमाने बसविलेले यंत्र ‘मी काय पांगळा झालो?’ असे म्हणून नाकारले जाते आणि लाखांचा खर्च भिंतीशी दुमडून पडतो. उलट, ‘पुन्हा एकदा शेताच्या बांधावर जाऊन यावे’ एवढी एखाद्याची इच्छा असेल, तर तीच या खर्चाचे सर्वांत बळकट समर्थन होय.

जिन्याची मोजणी

गरज निश्चित झाल्यावर जिना मोजावा. विक्रेत्याचा माणूस मोजणीस येईलच, तथापि कुटुंबाने आपली मोजणी आधी करून ठेवली तर फसगत टळते. टेप, ओळंबा आणि खडू एवढी साधने पुरेत. पुढील मापे घ्यावीत:

१. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उभी उंची.
२. पायऱ्यांची संख्या, प्रत्येक पायरीची उंची व रुंदी.
३. भिंतीपासून कठड्यापर्यंत जिन्याची मोकळी रुंदी, तीही सर्वांत अरुंद ठिकाणची.
४. पहिल्या पायरीपुढे आणि शेवटच्या पायरीनंतर असलेली मोकळी जागा व तेथील दारे.
५. डोक्यावरील स्लॅबची किंवा तुळईची उंची.
६. जिन्यातील वळणे व मधले चौक.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार निवासी इमारतीत पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा अधिक व रुंदी २५ सेंटिमीटरपेक्षा कमी असू नये. एक उदाहरण घेऊ. मजल्याची उंची ३ मीटर, प्रत्येकी १८.७५ सेंटिमीटर उंचीच्या १६ पायऱ्या आणि पायरीची रुंदी २५ सेंटिमीटर. शेवटची पायरी मजल्याच्या पातळीत मिळत असल्याने आडवे अंतर १५ गुणिले २५, म्हणजे ३.७५ मीटर होते. उंची व आडवे अंतर यांच्यावरून तिरकी लांबी सुमारे ४.८ मीटर येते आणि चढाचा कोन सुमारे ३९ अंशांचा होतो. रूळ या लांबीहून थोडा अधिक लागतो. सेकंदाला १२ सेंटिमीटर वेगाने हे अंतर ४० सेकंदांत कापले जाते. शाळेच्या सातवी-आठवीच्या वर्गात काटकोन त्रिकोणाचा प्रमेय शिकविताना शिक्षकांनी हेच उदाहरण घेतले, तर विद्यार्थी आपापल्या घरचा जिना मोजून आणतील आणि घरात एक उपयुक्त विषयही निघेल.

विजेच्या खर्चाविषयीही अनाठायी भीती असते. माणूस व खुर्ची मिळून १२० किलोग्रॅम वजन ३ मीटर वर नेण्यास सुमारे ३,५०० ज्यूल ऊर्जा लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. घर्षण व बॅटरीतील क्षय धरून प्रत्यक्षात तिप्पट ऊर्जा लागली, तरी एका युनिटात तीनशेहून अधिक वेळा वर जाता येईल. यंत्राचा खरा खर्च विजेत नसून खरेदीत आणि देखभालीत आहे.

सरळ रूळ की वळणाचा रूळ?

निवडीतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय. एकाच दिशेने, वळण न घेता वर जाणाऱ्या जिन्याला सरळ रूळ चालतो. तो ठरावीक मापात तयार मिळतो व जागेवर कापून बसविता येतो. त्यामुळे तो स्वस्त पडतो, लवकर बसतो आणि गरज संपल्यावर काढून दुसऱ्या घरी नेता येतो किंवा विकता येतो.

परंतु आपल्याकडील बहुसंख्य घरांत जिना दोन टप्प्यांचा असतो. आठ पायऱ्या चढून मधला चौक येतो, तेथे उलट वळून पुन्हा आठ पायऱ्या. अशा जिन्याला वळणाचा रूळ लागतो. तो त्या एकाच जिन्याच्या मापाने कारखान्यात वाकवून घडविला जातो. त्याची किंमत सरळ रुळाच्या कित्येक पट असते, तो तयार होण्यास आठवडे लागतात आणि दुसऱ्या घरात त्याचा काहीही उपयोग होत नाही. मोजणीत दोन सेंटिमीटरची चूक झाली तरी रूळ बसत नाही. म्हणून मोजणीची जबाबदारी विक्रेत्याची राहील, हे करारात लिहून घ्यावे.

दोन टप्प्यांच्या जिन्याला तिसरा मार्गही आहे. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र सरळ रूळ व स्वतंत्र खुर्ची बसवावयाची आणि मधल्या चौकात एका खुर्चीतून उठून दुसरीत बसावयाचे. कठडा धरून दोन-तीन पावले टाकू शकणाऱ्या व्यक्तीस हे चालते व एकूण खर्च बहुधा वळणाच्या रुळापेक्षा कमी होतो. चौक मात्र ऐसपैस व चांगल्या उजेडाचा असावयास हवा. आज दोन पावले टाकू शकणारी व्यक्ती दोन वर्षांनीही ती टाकू शकेल काय, हाही विचार करावा.

जुन्या वाड्यांतील लाकडी जिने बहुधा अतिशय उभे, अरुंद आणि वरच्या टोकाला झडपेचे असतात. तेथे खुर्ची बसत नाही, बसली तर डोके तुळईला लागते. अशा ठिकाणी खालीच सोय करणे शहाणपणाचे.

जिन्याच्या रुंदीबाबत साधारण नियम असा, की भिंत ते कठडा ७० ते ७५ सेंटिमीटर मोकळी जागा नसेल तर बसलेल्या व्यक्तीचे गुडघे अडतात. दुमडलेली खुर्ची ३० ते ४० सेंटिमीटर जागा व्यापते. उरलेल्या जागेतून घरातील इतरांना, विशेषतः डोक्यावर ओझे घेऊन जाणाऱ्यांना आणि प्रसंगी आजारी माणसाला उचलून नेणाऱ्यांना जाता येईल काय, हे प्रत्यक्ष चालून पाहावे. कठडा ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला रूळ घ्यावा, म्हणजे पायी जाणाऱ्यांचा आधार जात नाही.

बसविण्यापूर्वीची तयारी

रुळाचा सर्व भार पायऱ्यांवर येत असल्याने पायरी आतून कशाची आहे हे प्रथम पाहावे लागते. आपल्याकडे सिमेंट काँक्रीटचा तिरका स्लॅब टाकून त्यावर विटांच्या पायऱ्या रचतात व वरून कडप्पा, कोटा किंवा ग्रॅनाइट बसवितात. केवळ दगडी फरशीत किंवा विटेत आवळलेला बोल्ट कालांतराने सैल होतो. फरशीच्या कडेजवळ भोक पाडल्यास ती तडकते. म्हणून बोल्ट खालच्या काँक्रीटपर्यंत पोहोचतात याची खात्री करावी, आवश्यक तेथे रासायनिक गोंदात बसविले जाणारे बोल्ट वापरावेत आणि भोके पाडताना घर बांधणारा गवंडी किंवा अभियंता उपस्थित ठेवावा. पायरीखालून विजेची नळी गेली असल्यास तिची जागा आधीच दाखवून द्यावी.

रूळ पहिल्या पायरीच्या पुढे काही अंतर बाहेर येतो. तेथेच एखादे दार उघडत असेल तर ते अडते किंवा येणारा-जाणारा अडखळतो. अशा ठिकाणी खालचा तुकडा वर दुमडणारा रूळ घ्यावा लागतो व त्याचा खर्च वेगळा असतो.

विजेसाठी स्वतंत्र प्लग पॉइंट, योग्य अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा संरक्षक स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा. हा पॉइंट इतर बटणांबरोबर नसावा. रात्री झोपताना किंवा गावी जाताना सर्व बटणे बंद करण्याची आपल्याकडील सवय चांगली असली, तरी बॅटरीच्या भारणाचे बटण बंद राहिले तर बॅटरी उतरते व वारंवार तसे झाल्यास ती निकामी होते.

परवानगीचाही विचार करावा. महाराष्ट्रात १९३९ च्या मुंबई लिफ्ट अधिनियमाची जागा २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाने घेतली असून उद्वाहने, सरकते जिने व सरकते मार्ग त्याच्या कक्षेत येतात. घरगुती लिफ्ट बसवावयाची असल्यास विद्युत निरीक्षकांकडील परवानगी व तपासणी यांची पूर्तता करावी लागते. जिन्यावरील खुर्चीबाबतही विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबून न राहता त्या कार्यालयात लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक जिन्यात यंत्र बसवावयाचे झाल्यास संस्थेची संमती आवश्यक असते आणि आगीच्या प्रसंगी जिना मोकळा राहील याची काळजी घ्यावी लागते.

खरेदीचा करार

करारात पुढील गोष्टी स्पष्ट लिहून घ्याव्यात: यंत्राची भारक्षमता, जी बहुधा ११५ ते १४० किलोग्रॅमच्या दरम्यान असते, किमतीत बसविण्याचा खर्च, कर व वाहतूक समाविष्ट आहे किंवा कसे, हमीचा कालावधी आणि बॅटऱ्या त्या हमीत येतात काय, वार्षिक देखभालीचा दर, सुटे भाग भारतात मिळतात की परदेशातून मागवावे लागतात, आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीस माणूस किती दिवसांत येईल. शेवटच्या मुद्द्याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. खुर्ची बंद पडली तर वृद्ध व्यक्ती वरच्या मजल्यावर अडकून पडते, हे लक्षात घेतले म्हणजे पाच हजार रुपये स्वस्त यंत्रापेक्षा जवळ असलेला तंत्रज्ञ अधिक मोलाचा, हे पटेल. पूर्वी वापरलेले यंत्र घेताना रूळ आपल्या जिन्याच्या लांबीचा आहे काय, मूळ पुस्तिका आहे काय आणि बॅटऱ्या नव्या आहेत काय, ते पाहावे. पावती व करार जपून ठेवल्यास वाद उद्भवल्यावर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.

ताबा घेताना करावयाची चाचणी

यंत्र बसविल्यावर प्रथम ते रिकामे, नंतर वजन ठेवून व त्यानंतर तंत्रज्ञाला बसवून चालवून पाहावे. वाटेत पायरीवर पुठ्ठ्याचा रिकामा खोका ठेवून खुर्ची आपोआप थांबते काय ते तपासावे. मुख्य वीज बंद करून बॅटरीवर काही फेऱ्या घ्याव्यात. खाली उभे राहून वरची खुर्ची बोलावण्याचे व खालची वर पाठविण्याचे बटण चालवावे. पट्टा न लावता किंवा खुर्ची वळलेल्या स्थितीत असता यंत्र सुरू होते काय, हेही पाहावे. बॅटरी संपल्यास खुर्ची हाताने खाली आणण्याची रीत घरातील किमान दोघांना शिकवून घ्यावी. या सर्व गोष्टी झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा आणि वृद्ध व्यक्तीला पहिल्यांदा बसवावे.

वापरातील दक्षता

लुगड्याचा किंवा साडीचा पदर, धोतराचा सोगा, उपरणे व शाल रुळाच्या बाजूला लोंबता कामा नये. बसताच वस्त्र मांडीवर आवरून घेण्याची सवय लावावी. यंत्राची किल्ली लहान मुलांच्या हाती देऊ नये, कारण त्यांना हा पाळणाच वाटतो. तांदळाची पोती, गॅसची टाकी किंवा पाण्याचे हंडे खुर्चीवरून वाहू नयेत. ती माणसाच्या भारासाठी आणि माणसाच्या बसण्यासाठी घडविलेली असते. दातेरी पट्टीवर धूळ व केर साचू देऊ नये. वंगण पुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे, स्वयंपाकाचे तेल लावू नये. पावसाळ्यातील दमट हवेत लोखंडी भाग गंजण्याचा संभव असल्याने पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी करून घेणे हितावह आहे. जिना धुताना यंत्रावर पाणी ओतू नये. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात, त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवावी.

ज्यांना यंत्र परवडत नाही त्यांचे काय?

या यंत्राची किंमत लाखांच्या घरात जात असल्याने ते बहुसंख्य ग्रामीण कुटुंबांच्या आटोक्याबाहेर आहे, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना चालण्याची काठी, कुबड्या, वॉकर, श्रवणयंत्र, चष्मा, चाकांची खुर्ची अशी साधने देण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र व्यक्तींना अशा साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. जिन्यावरील उद्वाहक एवढ्या रकमेत येणारा नाही. तथापि या साहाय्यातून घेतलेली कमोड खुर्ची जिन्याच्या रोजच्या निम्म्या फेऱ्या वाचवू शकते, हे ध्यानात घ्यावे.

याशिवाय अल्प खर्चाचे उपाय प्रत्येक घरात करता येतात. जिन्याच्या दोन्ही बाजूंना, पहिल्या पायरीच्या आधीपासून शेवटच्या पायरीच्या पुढेपर्यंत अखंड कठडा लावावा. पायरीच्या कडेला गडद किंवा पांढऱ्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा, म्हणजे मंद दृष्टीला कड कळते. वर व खाली दोन्हीकडून चालू-बंद करता येणारा दिवा लावावा. गुळगुळीत फरशीवर खडबडीत पट्ट्या चिकटवाव्यात. जिन्यावर चपला, भांडी व कांद्याच्या टोपल्या ठेवण्याची पद्धत बंद करावी. एक गवंडी, एक सुतार व एक वायरमन यांच्या दोन दिवसांच्या कामात हे सर्व होते. यंत्र घेणाऱ्या घरानेही हे उपाय टाळू नयेत.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा असणे बंधनकारक आहे. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाचाही हाच हेतू होता. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. पंचायत सदस्यांनी प्रथम आपले कार्यालय, शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि मतदान केंद्र यांच्या दारापुढील पायऱ्या पाहाव्यात. तेथे उतार व कठडा हाच टिकाऊ उपाय होय. ग्रामसभा वरच्या मजल्यावरील सभागृहात भरत असेल तर ती तळमजल्यावर भरविण्यास एक रुपयाही लागत नाही.

याखेरीज, कोणत्या घरात वरच्या मजल्यावर अडकलेली वृद्ध वा दिव्यांग व्यक्ती राहते, याची साधी यादी ग्रामपंचायत कर्मचारी, आशा कार्यकर्त्या व शिक्षक यांच्या साहाय्याने तयार करता येईल. आग, भूकंप किंवा तातडीच्या आजाराच्या प्रसंगी प्रथम कोठे धावावयाचे हे तीवरून कळेल. नवे घर बांधणाऱ्या कुटुंबांना आराखड्याच्या वेळीच दोन गोष्टी सुचवाव्यात: तळमजल्यावर एक झोपण्याची खोली लगतच्या शौचालयासह ठेवावी आणि जिना शक्यतो सरळ व किमान ९० सेंटिमीटर रुंद घ्यावा. आज ही सूचना कागदावरील एका रेघेइतक्या खर्चाची आहे. पंधरा-वीस वर्षांनी तोच जिना बदलावयाचा झाल्यास तिची किंमत लाखांत मोजावी लागेल, कारण आज घर बांधणारा कर्ता पुरुष आणि ते सजविणारी गृहिणी हेच त्या वेळचे वृद्ध असतील.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ ने अपत्यांवर पालनपोषणाची जबाबदारी टाकली आहे. परंतु अन्न, वस्त्र आणि औषध पुरविले म्हणजे ती संपत नाही. आपल्या मनाला येईल तेव्हा अंगणात यावे, पारावर बसावे, पीक कसे आले ते डोळ्यांनी पाहावे, हा स्वातंत्र्याचा भाग आहे. तो यंत्राने साधो, तळमजल्यावरील खोलीने साधो किंवा साध्या कठड्याने साधो. कोणता उपाय आपल्या घराला योग्य हे मोजून, हिशोब करून आणि त्या व्यक्तीस विचारून ठरवावे. जिना मोजण्याचे काम एका सायंकाळचे आहे आणि त्यासाठी आईवडिलांचे पाऊल घसरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.